एलियन मोजणारा डेल्मर ऑट आणि बारावी खुंटी

टॉलिव्हरच्या वेशीवर पाटी आहे: ‘उडती तबकडी इथूनच गेली.’ ती पडली रॉस्वेलकडे, सत्तर मैल पुढे, आणि तिथल्या लोकांचं त्यावर चांगलं चाललं आहे. टॉलिव्हरच्या वाट्याला तिचं नुसतं जाणं आलं. सत्तेचाळीस सालच्या जुलैमध्ये बर्ट मेबरी नावाचा शेतकरी कापसाला पाणी देत होता, तेव्हा त्याने डोक्यावरून काहीतरी जाताना पाहिलं, एवढाच काय तो पुरावा. ते साधं विमान होतं असं त्याची बायको मरेपर्यंत सांगत राहिली. पाटीवर तिचं नाव नाही.

गावानेही ते फारसं मनावर घेतलं नाही. रॉस्वेलला जाणारी माणसं वाटेत पेट्रोल भरायला थांबतात, जेवतात आणि विचारतात, ‘तुमच्याकडे कुणी पाहिली होती का?’ मग प्रत्येकाकडे पाहणारा एक नातेवाईक निघतो. कुणाचे वडील, कुणाचा मामा. युसेबिओ आर्चुलेटा तीस वर्षं महामार्ग खात्यात होता. त्याच्या आजोबांनी तबकडी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिली आहे. कोणतं ठिकाण सांगायचं हे ऐकणारा कुठून आला आहे त्यावर ठरतं. सत्तेचाळीस साली गावात चारशे माणसं होती. आजवर सांगितलेले साक्षीदार मोजले तर नऊशेच्या घरात जातील.

डेल्मर ऑटजवळ असा नातेवाईक नाही. कुणी विचारलंच तर तो सांगतो, “माझे वडील त्या वेळी ओहायोत होते.” पुढे काही जोडत नाही. विचारणारा जरा वेळ थांबतो आणि मग युसेबिओकडे वळतो.

डेल्मर बत्तीस वर्षांपूर्वी गॅस कंपनीच्या नोकरीसाठी बायकोला, व्हर्नाला, घेऊन इथे आला. काम मीटर वाचण्याचं. हे काम करणारे बहुतेक जण गाडीतून उतरत नसत. दुर्बिणीतून काटा पाहायचे, तो दिसला नाही तर गेल्या महिन्यावरून अंदाज लिहायचे. डेल्मरने चोवीस वर्षांत एकदाही अंदाज लिहिला नाही. युसेबिओच्या परसातल्या मीटरवर काटेरी मेस्कीट इतकं वाढलं होतं की मांजरही तिथे जात नसे. डेल्मर दर महिन्याला पोटावर सरपटत आत जायचा आणि आकडा वाचून तसाच उलटा बाहेर यायचा. युसेबिओ स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत कॉफी प्यायचा. झाड तोडावं असं त्याच्या कधी मनात आलं नाही. “करमणूक होती,” असं तो आजही सांगतो.

एका डिसेंबरमध्ये एका म्हातारीच्या मीटरचा काटा महिन्याभरात जेमतेम हललेला डेल्मरला दिसला. बाहेर बर्फ, आणि घरात शेगडी चालू नाही. त्याने दार वाजवलं, मग ढकललं. म्हातारी न्हाणीघरात पडली होती, आदल्या दिवसापासून. शेगडी कधीच बिघडलेली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला बघून तिने पहिला प्रश्न विचारला, “फाटक लावलंस का?” त्याने लावलं होतं. ही म्हातारी म्हणजे नॅडीनची आई. गावातली एकुलती एक खानावळ नॅडीन सेडिलो चालवते.

आता खुंट्यांबद्दल. नॅडीनच्या खानावळीत गल्ल्यामागच्या भिंतीवर नालाच्या खिळ्यांच्या बारा खुंट्या आहेत. प्रत्येकीवर एक कप, आणि प्रत्येक कपाखाली चिकटपट्टीवर एक नाव. रोज सकाळी सहाला खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसणाऱ्यांचे हे कप. बाकीच्यांना पांढऱ्या कपात कॉफी मिळते. खुंटी मिळायची तर कुणीतरी मरावं लागतं किंवा जिल्हा सोडून जावं लागतं, आणि जिल्हा सोडून आजवर एकच जण गेला आहे. तेरावी खुंटी ठोकता येत नाही, कारण भिंतीच्या एका टोकाला विजेची पेटी आहे आणि दुसऱ्या टोकाला दार. कुणी मेला की त्याचा कप घरच्यांना द्यायचा, आणि ईस्टर उलटेपर्यंत खुंटी रिकामी ठेवायची. हे नियम नॅडीनच्या बापाने घातले. त्याचा स्वतःचा कप तो गेला त्याच आठवड्यात उतरवला होता.

डेल्मर त्या टेबलावर बत्तीस वर्षं बसतो आहे, पांढऱ्या कपातली कॉफी पीत. या काळात सात खुंट्या रिकाम्या झाल्या आणि सातही इथेच जन्मलेल्यांना गेल्या. दर वेळी कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “पुढची तुझी.” निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते गॅरेजमध्ये आहे. खुंटीबद्दल तो कुणाजवळ बोलला नाही. व्हर्नाजवळ तेवढा बोलला.

“घरात तुझ्यासाठी सहा खुंट्या आहेत,” व्हर्ना म्हणाली. “एकीवरही तू कधी काही टांगत नाहीस.”

निवृत्तीनंतरच्या नाताळात त्यांच्या मुलीने टूसॉनहून फोन पाठवला आणि त्यात गंमत म्हणून एक ॲप घालून दिलं. नाव ‘एलियन शोधक’. फोन कुणासमोर धरला की पडद्यावर हिरवी सुई फिरते, टिकटिक वाढत जाते आणि शेवटी आकडा येतो: माणूस एवढे टक्के, परग्रहवासी एवढे टक्के. असली ॲपं फुकट मिळतात आणि लोक दोन दिवसांत काढून टाकतात. डेल्मरने ते उघडायच्या आधी माहितीची अकरा पानं वाचली. जगात ती वाचणारा बहुधा तो एकटाच. नवव्या पानावर लिहिलं होतं की अंगठा पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर दाबून धरला तर समोरचा माणूस ठरतो, उजव्या कोपऱ्यावर धरला तर परग्रहवासी. कुठेच दाबलं नाही तर जो आकडा येईल तो येईल, त्याला आधार काही नाही. अकराव्या पानावर होतं, ‘केवळ करमणुकीसाठी’.

तेव्हापासून गेली आठ वर्षं, सकाळची कॉफी झाली की डेल्मर खानावळीच्या दाराशी उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना मोजतो. आधी नॅडीनने आठवडाभर बघितलं. लोक मोजून घ्यायला थांबतात आणि थांबले की बरीटो खातात, हे ध्यानात आल्यावर तिने दारात सावलीसाठी पत्रा टाकला. डेल्मर मीटरवाल्यासारखाच काम करतो. एक पाय पुढे, चष्मा कपाळावर, आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. भावंडांतलं धाकटं नेहमी परग्रहवासी निघतं. सासूबाईंना काय काढायचं हे तो जावयाच्या भुवईवरून ठरवतो. हे खरं आहे का, असं कुणी विचारलं तर तो अकरावं पान उघडून दाखवतो. आठ वर्षांत दोघांनी विचारलं.

फेब्रुवारीत हार्लन स्ट्राउड गेला आणि बारावी खुंटी मोकळी झाली.

या खेपेला डेल्मरखेरीज एकच जण होता, गार्थ लेमली. जन्म इथलाच. अठराव्या वर्षी कॅलिफोर्नियात गेला, चाळीस वर्षं तिकडे पोहण्याचे तलाव विकले आणि गेल्या ऑक्टोबरात परत आला. आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात त्याला तबकडी पाहिलेला काका निघाला. गार्थला काका नव्हता हे टेबलावरच्या निम्म्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. तरी काकाचं वर्णन चांगलं आहे असं सगळ्यांचं मत पडलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी विषय निघाला. डेल्मर आणि गार्थ दोघंही हजर होते. गाव छोटं आहे, जाणार कुठे.

“जन्म इथला हवा,” वेंडेल प्रुइट म्हणाला. वेंडेलचा गोठा होता. आता नाकात प्राणवायूची नळी असते आणि तिचं यंत्र पायाशी. “नियम म्हणजे नियम.”

“असा नियम कधी होता?” नॅडीनने विचारलं.

“लिहिलेला नव्हता. गरजच पडली नाही.”

“गार्थ चाळीस वर्षं नव्हता,” दुसरा कुणी म्हणाला. “मेलेला हार्लनसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त दिवस इथे राहिला आहे.”

“मी मनाने इथेच होतो,” गार्थ म्हणाला.

“मनाने तू समुद्रावर होतास. पत्रं यायची आम्हाला.”

मत घेतलं. टेबलावर खुंटीवाले अकरा. डेल्मरला पाच, गार्थला पाच. अकरावा लीरॉय. लीरॉयला ऐकू येत नाही. त्याने दोन्ही वेळा हात वर केला.

तेव्हा युसेबिओने खुर्ची मागे सरकवली. “यंत्र आहे की आपल्याकडे. डेल्मर, काढ तुझा फोन. ज्याच्यात माणूस जास्त निघेल त्याची खुंटी. एलियनला कप देता येत नाही, त्यांना बोटं तीनच असतात.”

“माझंच यंत्र,” डेल्मर म्हणाला. “ते बरं दिसणार नाही.”

“म्हणून ज्याने त्याने स्वतःचं स्वतः मोजायचं. फोन स्वतःच्या हातात धरायचा, तोंडाकडे, फोटो काढतात तसा. बाकीचे बघतील. नॅडीन, तुला काय वाटतं?”

नॅडीन कॉफीचं भांडं हातात घेऊन डेल्मरकडे बघत होती. “मला चालेल,” ती म्हणाली. “डेल्मर, तुला कळतंय ना तो काय म्हणतोय? स्वतःचं स्वतः.”

“कळतंय,” डेल्मर म्हणाला.

आधी गार्थने फोन घेतला. मुठीत धरला, सुई फिरली, टिकटिक झाली. माणूस अठ्ठ्याण्णव टक्के. त्याने फोन टेबलाभोवती फिरवून दाखवला.

मग डेल्मर. त्याने चष्मा कपाळावर चढवला. फोन खालच्या कडेला दोन बोटांनी धरला, तापलेल्या तव्याची कड धरावी तसा, आणि दोन्ही अंगठे हवेत, सगळ्यांना दिसतील असे ठेवले. सुई फिरली. टिकटिक आणि वेंडेलच्या यंत्राचा तेवढा आवाज होता.

“माणूस सहा टक्के,” डेल्मरने नेहमीच्या आवाजात वाचलं. “परग्रहवासी चौऱ्याण्णव.”

मग वेंडेल म्हणाला, “बत्तीस वर्षं मला संशय होताच,” आणि सगळे हसले. डेल्मरही हसला, जरा मागून. गार्थ उठून गाडीतून कप घेऊन आला. तो तयारच होता, कागदात गुंडाळलेला. बाहेरून निळा, त्यावर उडी मारणारा डॉल्फिन. समुद्र टॉलिव्हरपासून आठशे मैलांवर आहे.

डेल्मरने पांढऱ्या कपातली कॉफी संपवली, दारात गेला आणि आयोवाच्या एका कुटुंबाला मोजलं.

दुपारी व्हर्नाने जेवण वाढलं तोवर तिला सगळं कळलं होतं. नॅडीनचा फोन येऊन गेला होता.

“सहा टक्के,” ती म्हणाली.

“आला तो आकडा आला.”

“कोपरा दाबायचा होतास.”

“ते गमतीत. पोरांसाठी. हे नोंदीचं होतं, व्हर्ना. त्यावर खुंटी जाणार होती.”

“गार्थने दाबला.”

“त्याला कोपरा माहीत नाही.”

“डेल्मर, अख्ख्या गावाला माहीत आहे.”

डेल्मरने हातातला काटा ताटलीत ठेवला.

“नॅडीनला माहीत आहे, वेंडेलला माहीत आहे. पोस्टातल्या बाईला माहीत आहे. गार्थला नाताळातच कुणीतरी सांगितलं. मला वाटलं तुलाही माहीत असेल की त्यांना माहीत आहे.”

“कुणी बोललं नाही.”

“का बोलतील? रोज फुकट बघायला मिळतंय.”

दुसऱ्या दिवशी डेल्मर पावणेसहालाच गेला. टेबलावर युसेबिओ एकटा होता, हिरव्या मिरचीच्या रश्श्यात अंडं बुडवत. डेल्मर समोर बसला.

“तुला कोपरा कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या आठवड्यापासून. तू दाबतोस तेव्हा तुझी जीभ बाहेर येते. इतकीशी.” त्याने दाखवली. “मेस्कीटखाली जायचास तेव्हाही यायची.”

“मग गार्थने दाबलं ते दिसलं असेल.”

“दिसलं म्हणजे? अंगठा पांढराफटक पडला होता त्याचा. फोन फुटतो की काय असं वाटलं.”

“तरी खुंटी त्याला दिलीत.”

युसेबिओने पावाचा तुकडा ताटलीभर फिरवला. “हे बघ, बाबा. ती मतं पाच-पाच पडली ना, ती तशी पडावीत म्हणून मी वेंडेलशी दोन दिवस भांडलो. मग तुझंच यंत्र तुझ्याच हातात दिलं. वर नॅडीनने विचारलंसुद्धा, कळतंय ना म्हणून. आम्ही आणखी काय करायचं होतं? तुझा अंगठा धरून दाबायचा?”

“ते खोटं झालं असतं.”

“मग? वेशीवरची पाटी वाचली आहेस ना तू? बत्तीस वर्षं तिच्यावरून जातोयस.” तो पुढे वाकून जरा हळू बोलला, रागाने नव्हे. “वेंडेल काय म्हणाला माहीत आहे, तू गेल्यावर? म्हणाला, इथला असता तर दाबला असता. आणि ते मलाही पटलं.”

डेल्मरने मान हलवली. आकडा पटला की तो अशीच मान हलवतो. नॅडीनने पांढरा कप आणून ठेवला. त्याच्या कडेला एक टवका उडालेला आहे; तो कप ती दुसऱ्या कुणाला देत नाही, पण ते डेल्मरच्या कधी लक्षात आलं नव्हतं आणि त्या दिवशीही आलं नाही.

पुढचे तीन आठवडे तो नेहमीसारखाच येत राहिला. गार्थचा डॉल्फिन बाराव्या खुंटीवर लटकत होता. गार्थला आता एक नवी सवय लागली होती: साडेनऊच्या सुमाराला कप हातात घेऊन दारात यायचं आणि डेल्मरसमोर जमलेल्या लोकांना काकाची गोष्ट सांगायची. काका आता नुसता पाहत नव्हता, त्याने हातही हलवला होता.

मेच्या पहिल्या शनिवारी नेब्रास्काहून एक मोठी गाडी आली, बारा-तेरा माणसं, चर्चचा कसलासा गट. डेल्मरने पाच-सहा जण मोजले. गार्थ बाहेर आला.

“या यंत्रावर मी अठ्ठ्याण्णव टक्के आहे,” त्याने लोकांना सांगितलं. “सगळ्या गावासमोर. डेल्मर, दाखव यांना.”

डेल्मरने चष्मा वर केला. एक पाय पुढे टाकला. फोन गार्थसमोर धरला. आतल्या टेबलावरून युसेबिओने वेंडेलला कोपराने ढोसलं, कारण काचेतून डेल्मरची जीभ दिसत होती, इतकीशी.

“माणूस एक टक्का,” डेल्मरने वाचलं. “परग्रहवासी नव्व्याण्णव.”

नेब्रास्काकरांना हे फार आवडलं. दोघा-तिघांनी गार्थचे डॉल्फिनसकट फोटो काढले. एका बाईने त्याला, घरची आठवण येते का, असं विचारलं.

“तू दाबलंस,” गार्थ दातांतून म्हणाला.

“वाचन आहे ते,” डेल्मर म्हणाला.

चोवीस वर्षं हजारो आकडे लिहिलेल्या माणसाचं हे पहिलं खोटं. ते त्याने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं. नंतर त्याचे कान लाल झाले होते, पण ते उन्हानेही होतात.

आत आला तेव्हा टेबलावर जागा करून ठेवलेली होती. नॅडीनने न विचारता कॉफी ओतली.

“झालास बाबा इथला,” युसेबिओ म्हणाला. “पुढची तुझी. या खेपेला मत नाही, यंत्र नाही. सगळे कबूल?”

वेंडेलसुद्धा कबूल झाला. गार्थ दारातच होता. नेब्रास्काकर त्याला सोडत नव्हते.

डेल्मरने कप खाली ठेवला आणि भिंतीकडे मान वळवली. खुंट्यांवरून त्याची नजर डावीकडून उजवीकडे सावकाश गेली, एकेका नावाशी थांबत, आणि मग तशीच टेबलाभोवती फिरली, एकेका चेहऱ्याशी थांबत. चष्मा अजून कपाळावरच होता. वेंडेलच्या नळीपाशी नजर जरा जास्त रेंगाळली.

“माझ्याकडे बघू नकोस,” वेंडेल म्हणाला.

“नुसतं बघतोय.”

“तू नुसतं बघत नाहीस. चोवीस वर्षं माझ्या मीटरकडे असाच बघायचास.”

“कोण आहे पुढे?” नॅडीनने कॉफीचं भांडं घेऊन जाता जाता विचारलं.

टेबलाच्या टोकाला लीरॉयने सगळ्यांचे चेहरे पाहिले, काहीतरी मत चाललं असावं असं त्याला वाटलं, आणि त्याने हात वर केला.